अनवाणी धांव

पायांवर लिहिणें आमच्या वाङ्मयांत फारसें प्रतिष्ठेचें मानलें गेलेलें नाहीं. नेत्रांवर, हातांवर, केशकलापावर पुष्कळ लिहिलें गेलें; पावलांचें वर्णन झालें तें देवाच्या, आणि तींहि पावलें विटेवर स्थिर उभीं राहिलेलीं. धांवणाऱ्या माणसाचें, चिखलांत रुतणारें, खड्यावर पडून ठेंचाळणारें पाऊल लेखकाच्या दृष्टीस क्वचितच पडतें. आमच्याहि दृष्टीस तें पडलें नसतें. परंतु आमच्या स्वतःच्याच पावलांनीं मध्यंतरीं आम्हांस असा कांहीं धडा दिला कीं, त्यामागचा इतिहास शोधून पाहिल्यावांचून राहवेना. तो इतिहास, आणि त्याच्या कडेकडेनें आमचा अल्पसा अनुभव, वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्ही रोज सकाळीं धांवूं लागलों. शर्यत जिंकावी, पदक मिळवावें अशी हांव नव्हती. घाम यावा, भूक लागावी आणि रात्रीं झोंप यावी, एवढाच हेतु. दुकानदारानें टांचेखालीं जाड गादी असलेले बूट दिले. वर्षभरांत उजवा गुडघा दुखूं लागला. तक्रार नेली तेव्हां त्यानें त्याहूनहि जाड गादीचे बूट पुढें केले. किंमत वाढली, गुडघा होता तसाच राहिला. अशा मनःस्थितींत एका स्नेह्यानें आम्हांस सांगितलें, "अहो, बूट काढून टाका. मनुष्यप्राणी लक्षावधि वर्षें अनवाणीच धांवत आला आहे. गुडघे बिघडले ते बुटांनीं." हें विधान इतकें सोपें आणि इतकें बिनखर्चाचें होतें कीं, तें खरें असावें असें आम्हांस लगेच वाटलें. दुसऱ्याच दिवशीं पहाटे पुण्यांतील एका टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या मैदानावर आम्ही अनवाणी उतरलों.

त्या पहिल्या सकाळचा आनंद आम्ही नाकारणार नाहीं. दंवानें भिजलेलें गवत, त्याखालची गार माती, मधूनच टोचणारा खडा, हें सारें लहानपणानंतर प्रथमच तळव्यांना कळत होतें. पावलांचा धपधप आवाज थांबला. पावलें आपोआप आंखूड पण झपझप पडूं लागलीं. घरीं परतलों तेव्हां वडील ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं आमच्या मातीनें माखलेल्या पायांकडे पाहिलें आणि विचारलें, "पायताण कुठं हरवलंस?" हरवलें नाहीं, मुद्दामच घातलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं कांहीं न बोलतां वर्तमानपत्र पुन्हां वर धरलें. त्या मौनाचा अर्थ आम्हांस कळण्यास पुष्कळ दिवस लागले. त्याकडे शेवटीं येऊं.

प्रथम आमच्या स्नेह्याच्या विधानाची परीक्षा करूं. मनुष्य फार प्राचीन काळापासून धांवत आला आहे, ह्यास शास्त्राचा आधार आहे. २००४ सालीं डेनिस ब्रॅम्बल व डॅनियल लीबरमन ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सुमारें वीस लक्ष वर्षांपूर्वींपासून मानववंशाचें शरीर लांब पल्ल्याच्या धांवेला अनुरूप होत गेलें. टांचेमागची लांब घोडशीर, तळव्याची स्प्रिंगेसारखी कमान, नितंबाचे बळकट स्नायु, घामानें अंग थंड ठेवण्याची शक्ति, ह्या गोष्टी चालण्यापेक्षां धांवण्याच्याच अधिक उपयोगी पडतात. वेगानें पाहतां मनुष्य सशालाहि हरवूं शकत नाहीं. परंतु भर उन्हांत तासन् तास धांवत राहून जनावराला दमवावें, ही करामत त्याला साधली.

परंतु पादत्राणहि कांहीं कालचें नव्हे. अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत एका गुहेंत झुडपाच्या सालीच्या विणलेल्या वहाणा सांपडल्या. त्या सुमारें दहा हजार वर्षांच्या जुन्या ठरल्या आहेत. आर्मेनियांतील आरेनी येथील गुहेंत २००८ सालीं एक चामड्याचा जोडा मिळाला. गाईच्या एकाच कातड्याचा तो केलेला, वादीनें आवळलेला, आंत गवत भरलेलें, आणि वय सुमारें साडेपांच हजार वर्षें. एरिक ट्रिंकॉस नांवाच्या शास्त्रज्ञानें तर प्राचीन सांगाड्यांच्या पायांचीं बोटें तपासून असें अनुमान काढलें कीं, सुमारें चाळीस हजार वर्षांपूर्वींच कांहीं मानवसमूह पायांत कांहींतरी नित्य घालूं लागले असावेत. कारण अनवाणी पावलाला जमीन धरण्यासाठीं बोटांचा जो जोर लावावा लागतो त्यानें बोटांचीं हाडें जाड होतात, आणि ह्या सांगाड्यांत तीं बारीक झालेलीं दिसतात. म्हणजे 'अनवाणी तें नैसर्गिक, जोडा तो कृत्रिम' ही वांटणी वाटते तितकी सरळ नाहीं. कांटा आणि थंडी ह्यांपासून पाय राखण्याची युक्ति माणसानें फार लवकर शोधली.

मग नवें काय आहे? नवी आहे ती टांचेखालची गादी. चार्ल्स गुडइयर ह्यानें गंधकानें रबर पक्कें करण्याच्या कृतीचें अमेरिकन पेटंट १८४४ सालीं घेतलें, आणि पुढें रबरी तळाचे कापडी बूट सर्वत्र झाले. पण तो तळ पातळच होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकांत शिझो कानाकुरी हा जपानी धांवपटु अंगठा वेगळा असलेल्या आपल्या देशी 'ताबी' घालून मॅरेथॉन धांवला, आणि १९५१ सालीं बोस्टनची प्रसिद्ध शर्यत शिगेकी तानाका ह्यानें तशाच प्रकारच्या जोड्यांत जिंकली. त्या काळच्या सर्व मोठ्या धांवपटूंच्या पायांखालीं आजच्या मानानें पाहतां जवळजवळ कांहींच नव्हतें.

बदल झाला तो १९६० नंतर. ऑरेगॉन विद्यापीठाचे क्रीडाशिक्षक बिल बोवरमन न्यूझीलंडला गेले असतां तेथें आर्थर लिडियर्ड ह्यांच्या प्रेरणेनें सामान्य गृहस्थ आणि गृहिणी आरोग्यासाठीं सावकाश धांवत असलेल्या त्यांनीं पाहिल्या. ती कल्पना त्यांनीं अमेरिकेंत आणली. १९६४ सालीं फिल नाइट ह्या आपल्या जुन्या शिष्याबरोबर त्यांनीं बुटांचा धंदा सुरू केला; त्याचेंच नांव पुढें नाइकी झालें. घरांतल्या वॉफल भाजण्याच्या सांच्यांत रबर ओतून त्यांनीं नव्या प्रकारचा तळ बनविला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जो वर्ग कधीं धांवला नव्हता तो आतां डांबरी रस्त्यावर धांवूं लागला, आणि त्याच्या टांचेला जपण्यासाठीं गादी दरवर्षीं जाड होत गेली. आमचे बूट ह्याच वंशांतले.

ह्या गादीनें धांवण्याची रीतच बदलली, असें २०१० सालीं लीबरमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'नेचर' ह्या विख्यात नियतकालिकांत दाखविलें. जाड बूट घातलेला मनुष्य बहुधा टांच आधीं टेंकतो. त्याच टांचेवर तो अनवाणी पडला तर देहभाराच्या दीडपट ते तिपटीपर्यंतचा धक्का क्षणार्धांत हाडांतून वर चढतो. म्हणून जन्मापासून अनवाणी धांवणारे केनियांतील तरुण पुष्कळदां चवड्यावर उतरतात व मग टांच हळूच खालीं आणतात. घोटा आणि पोटरी तो धक्का पिऊन टाकतात. आमचीं पावलें त्या पहिल्या सकाळीं आपोआप आंखूड कां झालीं, ह्याचें उत्तर आम्हांस येथें मिळालें.

एवढ्या वाचनानें आमचा उत्साह दुणावला; आणि अनवाणी धांवण्याचा एक मोठा प्रसंग आमच्याच शहरांत घडला होता असें कळल्यावर तर अभिमानहि वाटूं लागला. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें मैदानी सामने भरविले. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. त्या सामन्यांची हकीकत त्यांनीं पुढें एका पत्रांत लिहून ठेवली आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी वर्गांतले, शेतांत राबणारे आणि साध्या अन्नावर जगणारे तरुण होते. युरोपियन नियम त्यांस ठाऊक नव्हते, शिक्षण कसलें मिळालें नव्हतें. सर्वांत लोकप्रिय शर्यत होती ती सुमारें पंचवीस मैलांची 'डेक्कन मॅरेथॉन'. खडीच्या व मातीच्या चढउताराच्या रस्त्यावरून हे लोक अनवाणी धांवले, आणि पहिल्या तिघांचौघांनीं घेतलेला वेळ युरोपांतील वेळांशीं तुलना करतां येण्याजोगा होता, असें टाटांस वाटलें. ह्याच सामन्यांतून हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकांस पाठविण्याची कल्पना निघाली. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें सहा खेळाडू गेले. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद घेऊन एकोणिसावे आले. त्या वर्षींची ती शर्यत जवळजवळ पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकांतील सर्वांत लांब मॅरेथॉन होती.

ही हकीकत वाचून आम्हीं तिचा अर्थ आमच्या सोयीचा लावला. हे लोक अनवाणी असून इतके चांगले धांवले, तेव्हां अनवाणीपणांतच कांहीं गुण असला पाहिजे, असें आम्हीं ठरविलें. त्यांच्यापाशीं वहाण नसेल, किंवा असली तरी धांवण्यांत झिजविण्याजोगी ती स्वस्त वस्तु नसेल, हा विचार त्या वेळीं आमच्या मनांत आला नाहीं.

अनवाणी धांवणाऱ्यांचा मुकुटमणि मात्र इथिओपियाचा आबेबे बिकिला. १० सप्टेंबर १९६० रोजीं रोमच्या ऑलिंपिकांत, सम्राटाच्या पहारेकऱ्यांच्या पलटणींतला हा शिपाई, ज्याचें नांव शर्यतीपूर्वीं फारसें कोणास ठाऊक नव्हतें, अनवाणी उभा राहिला. मिळालेले बूट त्याच्या पायांस नीट बसेनात, आणि अनवाणी धांवण्याची संवय त्याला होतीच. शर्यत सायंकाळीं सुरू झाली व अंधारांत संपली. प्राचीन आपिया मार्गावर सैनिक मशाली धरून उभे होते. वाटेंत आक्सुमचा स्तंभ लागत असे. इटलीनें १९३५ सालीं इथिओपियावर स्वारी केली व १९३७ सालीं हा स्तंभ लूट म्हणून रोमला नेऊन उभा केला होता. बिकिला व त्याचे गुरु, स्वीडनचे ओन्नी निस्कानेन, ह्यांनीं ती जागा आधीं हेरून ठेवली होती. स्तंभापाशीं येतांच बिकिलानें वेग वाढविला, मोरोक्कोच्या राधी बेन अब्देस्सलाम ह्यास मागें टाकलें, आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीखालीं २ तास १५ मिनिटें १६.२ सेकंदांत शर्यत जिंकली. तोंवर जगांत मॅरेथॉन इतक्या वेळांत कोणी धांवलें नव्हतें. इथिओपियाचें हें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक. तो स्तंभ इथिओपियास परत मिळण्यास मात्र २००५ साल उजाडावें लागलें.

ही कथा अनवाणी पंथाचे लोक येथेंच संपवितात. इतिहास तेथें थांबत नाहीं. चार वर्षांनीं, १९६४ सालीं, टोकियोस हाच बिकिला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेस पुरे दोन महिनेहि झाले नसतां उतरला, आणि २ तास १२ मिनिटें ११.२ सेकंदांत पुन्हां जिंकला. ह्या वेळीं त्याच्या पायांत बूट होते. रोमची धांव तीन मिनिटांनीं मागें पडली. ह्यावरून बूट श्रेष्ठ असें कोणी म्हणेल तर तेंहि चुकीचें. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, बिकिलाला स्वतःला हा वादच नव्हता. बसेनात तेव्हां त्यानें बूट घातले नाहींत, बसले तेव्हां घातले.

इतरांच्या हकीकतीहि पाहाव्या. इंग्लंडचा ब्रूस टुलो १९६२ सालीं बेलग्रेड येथें युरोपची ५,००० मीटरांची शर्यत अनवाणी जिंकला. त्याच्यापाशीं बूट नव्हते असें नाहीं. दक्षिण आफ्रिकेची झोला बड १९८४ च्या जानेवारींत, वयाच्या सतराव्या वर्षीं, ५,००० मीटर १५ मिनिटें १.८३ सेकंदांत धांवली. वर्णभेदामुळें तिच्या देशावर बहिष्कार असल्यानें तो विक्रम मान्य झाला नाहीं. तीहि अनवाणी धांवे. पण ती अशा समाजांतली होती कीं, जेथें खाऊनपिऊन सुखी घरांतील गोरीं मुलें अनवाणी खेळत. म्हणजे अनवाणी पाऊल वरून एकसारखें दिसलें तरी त्यामागें कोठें संवय असते, कोठें आवड असते आणि कोठें निव्वळ दारिद्र्य असतें. तिन्हींना एकाच माळेंत ओंवून 'निसर्गाकडे परत चला' अशी घोषणा करणें हें इतिहासाला धरून नाहीं.

दारिद्र्याच्या अनवाणीपणाची किंमत काय असते, हेंहि पाहिलें पाहिजे. १८९८ च्या सुमारास कैरो येथें आर्थर लूस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अंकुशकृमींच्या अळ्या असलेलें पाणी सांडलें. त्वचा खाजूं लागली, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्या पोटांत ते कृमि असल्याचें निष्पन्न झालें. हा कृमि त्वचेंतून, म्हणजे व्यवहारांत बहुधा अनवाणी तळव्यांतून, शरीरांत शिरतो आणि रक्त शोषून माणसाला निस्तेज करतो. अमेरिकेच्या दक्षिण भागांत गरीब शेतकऱ्यांस 'आळशी' म्हणून हिणविलें जाई. १९०९ सालीं रॉकफेलरांच्या देणगींतून निघालेल्या मंडळानें तेथें तपासणी केली तेव्हां त्या आळसाचें एक मोठें कारण हा कृमि असल्याचें दिसून आलें. संडास आणि जोडे ह्यांचा प्रचार हाच त्यावरील इलाज ठरला. आमच्या देशांत तर वहाण ही नुसती सोयीची वस्तु नव्हती. अनेक गांवीं अस्पृश्य मानलेल्या लोकांना सवर्णांच्या आळींतून पायांत वहाणा घालून जाण्याची बंदी असे. त्या हातांत घेऊन जावें लागे. आणि ज्या हातांनीं तें कातडें कमावलें व शिवलें ते हात त्याच समाजांतले असत. ज्यांना वहाण नाकारली गेली त्यांना अनवाणीपणाचें माहात्म्य सांगावयास आम्ही कोणत्या तोंडानें जाणार?

आतां अलीकडच्या लाटेकडे येऊं. मेक्सिकोच्या चिवावा प्रांतांतील खोल दऱ्यांत राहणारे रारामुरी, ज्यांस बाहेरचे लोक ताराहुमारा म्हणतात, लांब धांवण्याविषयीं प्रसिद्ध आहेत. १९९३ सालीं कोलोरॅडोच्या डोंगरांतील लेडव्हिल येथील शंभर मैलांची शर्यत त्यांच्यापैकीं व्हिक्टोरियानो चुर्रो ह्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थानें जिंकली. २००९ सालीं ख्रिस्तोफर मॅकडूगल ह्यांनीं ह्या लोकांवर 'बॉर्न टु रन' हें पुस्तक लिहिलें आणि तें हातोहात खपलें. हजारों सुशिक्षित लोकांनीं बूट काढले. मौज अशी कीं, रारामुरी अनवाणी धांवतच नाहींत. जुन्या मोटारीच्या टायरचा तळ कापून त्यास वादी लावलेल्या वहाणा ते घालतात. आमच्याकडील कित्येक शेतकऱ्यांनीं घातलेल्या टायरच्या वहाणांचीं हीं सख्खीं भावंडें म्हणावीं.

जेथें लाट तेथें बाजार. व्हायब्रम ह्या इटालियन कंपनीचा, पांच बोटें वेगवेगळीं असलेला पातळ जोडा त्या काळांत फार खपला. त्यानें पाय बळकट होतात व इजा कमी होते ह्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाहीं, असा दावा अमेरिकेंत ग्राहकांनीं लावला. २०१४ सालीं कंपनीनें दोष मान्य न करतां साडेसदतीस लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. शास्त्राकडूनहि सावधगिरीच्या सूचना आल्या. २०१३ सालीं उत्तर केनियांतील दासानाच लोकांचें निरीक्षण प्रसिद्ध झालें. हे लोक जन्मभर अनवाणी असूनहि आपल्या सोयीच्या गतीनें धांवतांना बहुसंख्य टांचेवरच उतरतात असें आढळलें. म्हणजे अनवाणी धांवण्याची एकच एक 'खरी' रीत नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील दुसऱ्या एका प्रयोगांत, दहा आठवड्यांत पातळ जोड्यांकडे वळलेल्या धांवपटूंपैकीं निम्म्याहून अधिकांच्या पायांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली.

हा प्रयोग आम्हीं वाचला, पण उशिरा. आमचा गुडघा खरोखरच बरा झाला होता. ह्या यशानें फुगून जाऊन तिसऱ्या महिन्यांत आम्ही मैदान सोडून डांबरी रस्त्यावर आलों, आणि दोन मैलांचे सहा मैल केले. घरांत आपण जन्मभर अनवाणीच वावरतों, उंबऱ्याबाहेर वहाणा ठेवतों, तेव्हां आपले तळवे मुळांतच तयार आहेत, असा आमचा समज होता. एका सकाळीं डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागें, पावलाच्या वरच्या बाजूस, बारीक कळ निघाली. चार दिवस ती अंगावर काढली. पांचव्या दिवशीं जिना उतरवेना. हाडाला केसासारखी चीर गेली होती. डॉक्टरांनीं आमच्याकडे पाहून विचारलें, "रोग्याला एका दिवसांत तिप्पट औषध पाजतां काय?" सहा आठवडे सक्तीची विश्रांति मिळाली.

ह्या सहा आठवड्यांत आमचें वडिलांशीं बोलणें झालें. पाय उशीवर ठेवून आम्ही त्यांना बिकिलाची कथा सांगत होतों. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि मग स्वतःची सांगितली. माण तालुक्यांतील आपल्या खेड्याहून ते रोज तीन मैल चालत शाळेस जात, आणि उशीर झाला कीं धांवत. पायांत कांहीं नसे. उन्हाळ्यांत वाट इतकी तापे कीं झाडाच्या सावलींतून पुढच्या झाडाच्या सावलींत पळावें लागे. कधीं पळसाचीं पानें दोऱ्यानें तळव्यास बांधीत. बाभळीचा कांटा मोडला तर आई रात्रीं चिमणीच्या उजेडांत सुईनें काढी. पहिली वहाण मिळाली ती मॅट्रिकच्या परीक्षेस तालुक्याच्या गांवीं जावयाचें म्हणून, आणि ती परीक्षेपुरती मामाची मागून आणलेली. पुढें नोकरी लागल्यावर आमच्या पहिल्या शाळेच्या दिवसासाठीं त्यांनीं कॅन्व्हासचे पांढरे बूट आणले. त्या वर्षीं त्यांनीं स्वतःच्या चपला तीनदां शिवून वापरल्या. इतकें सांगून ते म्हणाले, "मला धांवावं लागे. तूं धांवतोस. एवढाच फरक. पण तुझे ते मळलेले पाय पाहिले तेव्हां मला वाटलं, इतकी वर्षं काय केलं मग मीं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एखादा प्रबंध खोडून टाकण्यास एवढें एक वाक्य पुरेसें होतें. १९१९ सालच्या त्या शेतकरी धांवपटूंच्या पायांकडे आम्हीं ज्या कौतुकानें पाहिलें होतें, त्यांत किती अज्ञान होतें हेंहि तेव्हां उमगलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याची घट्टे पडलेली जाड कातडी पाय राखते आणि तरीहि स्पर्शज्ञान कमी करीत नाहीं. जाड बुटाला हें साधत नाहीं. परंतु तो घट्टा वर्षानुवर्षांच्या वाटांनीं बनलेला असतो. प्रत्येक पावलांत त्या त्या माणसाचा इतिहास साठलेला असतो. दुसऱ्याचा जोडा मागून आणतां येतो, दुसऱ्याचा तळवा मागून आणतां येत नाहीं.

इकडे जगांतला लंबक पुन्हां दुसऱ्या टोंकास गेला. २०१७ पासून शर्यतींत जाड, हलक्या फोमाचे आणि आंत कार्बनची पट्टी असलेले बूट आले. २०१९ सालीं व्हिएन्ना येथें केनियाचा एलियुड किपचोगे तसलेच बूट घालून मॅरेथॉनचें अंतर १ तास ५९ मिनिटें ४० सेकंदांत धांवला. मुद्दाम जुळवून आणलेल्या त्या धांवेची गणना विक्रमांत झाली नाहीं. २०२० सालीं जागतिक संस्थेला रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरांहून जाड नसावा असा नियम करावा लागला. दहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं तळ फेंकून दिला, त्यांच्यांतलेच कित्येक आतां चार बोटें उंचीवरून धांवूं लागले. दोन्ही वेळां दोष पायांचा नसून उतावळेपणाचा होता, असें आमचें नम्र मत आहे.

आम्ही अजूनहि धांवतों. आठवड्यांतून दोन दिवस, फक्त गवतावर, वीस मिनिटें अनवाणी. एरवीं पातळ तळाचे साधे बूट घालून. गुडघा बरा आहे, पाऊलहि बरें आहे. बूट काढतांना मात्र आतां पूर्वींसारखा विजयाचा आव येत नाहीं. ते काढतां येतात, कारण कोणीतरी ते आमच्या पायांत घातले होते, ह्याची आठवण राहते.

हाड सांधल्यानंतर प्रथमच अनवाणी निघालों त्या दिवशीं वडील नेहमींप्रमाणें ओट्यावर होते. आम्ही जरा ओशाळून उभे राहिलों. त्यांनीं चष्म्यावरून पायांकडे पाहिलें, आणि वर्तमानपत्राची घडी न मोडतां म्हणाले, "जा. कांटा मोडला तर तसाच ठेवूं नकोस. सुई माझ्या डब्यांत आहे."